अंगात कणकण येते तेव्हा

ताप चढायच्या आधीची एक अवस्था असते. थर्मामीटर लावला तर पारा जागच्या जागी असतो, पण अंग मोडून येतं, डोळे चुरचुरतात, अन्नावरची वासना उडते, पांघरूण ओढून कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं आणि कुणी दोन शब्द जास्त बोललं तरी नको होतं. मराठीत याला आपण कणकण म्हणतो. "जरा कणकण वाटतेय" एवढं म्हटलं की घरात कुणी पुढचं विचारत नाही, आल्याचा चहा येतो.

ही कणकण जंतू आणतात अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. पण जरा विचार करा. फ्लूचा विषाणू राहतो नाका-घशाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरात. तो पोटऱ्यांत उतरलेला नसतो, कमरेत शिरलेला नसतो. मग पोटऱ्या का वळतात, कंबर का धरते? कोविडची लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी कितीतरी जण दिवसभर अंथरुणात होते. त्या लसीत आजार करू शकेल असा जंतूच नव्हता. त्याहून थेट पुरावा हेपटायटिस सीच्या जुन्या उपचारात मिळतो. त्या रुग्णांना इंटरफेरॉन नावाचं प्रथिन टोचत, आणि काही तासांत त्यांना हुबेहूब फ्लू झाल्यासारखं वाटे. थंडी, ताप, ठणकणारं अंग, सगळं असे. फ्लूचा विषाणू मात्र औषधालाही नसे.

कणकण आणतात ती आपलीच प्रथिनं. घशातल्या पेशींना विषाणूची चाहूल लागते, त्या काही विशिष्ट प्रथिनं रक्तात सोडतात, ती मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू सबंध शरीराची घडी बदलतो. तापमान वाढव, भूक मार, हालचाल थांबव, माणसाला झोपव, जी काही शिल्लक ताकद असेल ती लढाईकडे वळव. पॅरासिटामॉलने बरं वाटतं ते जंतू मरतात म्हणून नाही, तर त्या हुकमाची मेंदूतली शेवटची कडी काही तास तुटते म्हणून.

या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. कोविडच्या काळात 'सायटोकाइन वादळ' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला आणि तिथेच त्याची बदनामी झाली. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते त्या भीतीच्या पलीकडचं. शरीरातल्या पेशींना एकमेकींशी बोलायला तोंड नाही, कान नाहीत. एक पेशी ठरावीक आकाराचं प्रथिन बाहेर टाकते, आणि त्याच आकाराला बसेल अशी खाच ज्या पेशीच्या अंगावर असेल तिला तो निरोप कळतो. एवढ्यावर सगळा संवाद चालतो, आणि तो किती हळू आवाजात चालतो पाहा. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात यांतल्या एखाद्या प्रथिनाचं प्रमाण काही पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. ऑलिम्पिकच्या मापाचे ४०० पोहण्याचे तलाव भरावेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम मीठ विरघळवावं, असं ते प्रमाण. आणि तेवढं पेशीला ऐकू जातं.

सायटोकाइन अनेक आहेत. इंटरल्यूकिन नावाच्या मालिकेतलीच तीन-चार डझन आहेत. मी त्यांतल्या एकाच प्रथिनाचा माग काढणार आहे, कारण त्याची गोष्ट मला पुन्हा पुन्हा थक्क करते. त्याचं नाव टीएनएफ.

टीएनएफ काम कसं करतं हे बघायला बाभळीचा एक काटा पुरतो. काटा तळपायात घुसतो, टोक आत मोडतं, त्याच्याबरोबर मातीतले जंतू आत जातात. कातडीखाली भक्षक पेशी आधीपासून ठाण मांडून असतात. जंतूंच्या कवचातले रेणू त्यांना ओळखू येतात आणि त्या टीएनएफ तयार करायला घेतात. सुरुवातीला हे प्रथिन पेशीच्या अंगावरच खोचलेलं असतं. २३३ अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा तीन साखळ्या एकमेकींना बिलगून उभ्या. मग एक एन्झाइम कात्रीसारखं येतं आणि साखळ्या मुळापाशी कापतं. १५७ अमिनो आम्लांच्या तीन सारख्या तुकड्यांचा मिळून झालेला घंटेच्या आकाराचा रेणू मोकळा होतो आणि आजूबाजूच्या ओलाव्यातून पसरतो.

सगळ्यांत आधी तो गाठतो शेजारच्या बारीक रक्तवाहिनीचं अस्तर. तिथे जे घडतं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रफितीत पाहिल्यापासून मी विसरू शकलेली नाही. एरवी पांढऱ्या पेशी रक्ताच्या धारेत भर्रकन निघून जातात. टीएनएफचा निरोप मिळाला की वाहिनीचं अस्तर आपल्या आतल्या बाजूला चिकट हातांसारखी प्रथिनं उभी करतं. धावती पांढरी पेशी त्यांना अडखळते, वेग मंदावतो, आणि ती भिंतीवरून चेंडूसारखी गडगडत पुढे सरकू लागते. मग आणखी घट्ट पकडणारी प्रथिनं तिला जागच्या जागी रोखतात. ती चपटी होते, दोन पेशींमधली फट शोधते, आपलं अंग त्या फटीतून पिळून काढते आणि पलीकडे काट्यापाशी उतरते. तिच्या मागोमाग रक्तातला द्रवही झिरपतो. म्हणून तळवा सुजतो. वाहिन्या रुंदावतात म्हणून तो लाल होतो, हाताला गरम लागतो. ठणका तर विचारूच नका. लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली होती. त्या चारही लक्षणांमागे काही प्रथिनं आहेत हे कळायला पुढची एकोणीसशे वर्षं गेली.

निरोप मिळालेल्या पेशीच्या आत काय होतं तेही सांगायला हवं. तिच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन दाव्याला बांधून ठेवलेलं असतं. टीएनएफ बाहेरच्या खाचेत बसलं की ते दावं तोडलं जातं, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात धावतं आणि दाहाची शेकडो जनुकं जागी करतं. आता त्या जागवलेल्या जनुकांपैकी एक जनुक कशाचं आहे? त्या दाव्याचंच. म्हणजे मोकळं सुटलेलं प्रथिन स्वतःच नवं दावं विणायला लावतं, ते विणून झालं की पुन्हा बांधलं जातं. बाहेर टीएनएफ अजून असेल तर पुन्हा सुटतं, पुन्हा बांधलं जातं. चमकणारं रसायन जोडून शास्त्रज्ञांनी हे जिवंत पेशीत पाहिलं आहे. साधारण १०० मिनिटांना एक फेरी, केंद्रकात आणि बाहेर, केंद्रकात आणि बाहेर. चेतवणाऱ्या हुकमातच शमवण्याची तजवीज लिहिलेली आहे. काटा निघाला, जंतू संपले की चार दिवसांत तळवा पूर्ववत होतो तो या तजविजीमुळे.

या प्रथिनाला त्याचं नाव मिळालं त्याची हकीकत मोठी आडवळणाची आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचा तरुण शल्यविशारद होता. हाडाच्या कर्करोगाची एक कोवळ्या वयाची रुग्ण त्याने १८९१च्या सुरुवातीला डोळ्यांदेखत गमावली. त्या धक्क्यातून तो रुग्णालयाची जुनी कागदपत्रं उपसत बसला. त्यात त्याला एका स्थलांतरित जर्मन माणसाची नोंद सापडली. मानेवरची गाठ वारंवार काढूनही परत येत होती, आणि मग त्याला विसर्प झाला, म्हणजे कातडीवर लालबुंद पसरत जाणारा जंतुसंसर्ग. भयंकर ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा गाठ विरघळून गेली होती. कोलीने त्या माणसाला न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून शोधून काढलं. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. मग कोलीने कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. जिवंत जंतू टोचणं जिवावरचं होतं, म्हणून पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण वापरलं. काहींच्या गाठी खरोखर विरघळल्या, बहुतेकांच्या नाही, आणि का याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. क्ष-किरणांचे उपचार आले तसा कोली मागे पडला.

उत्तर १९७५मध्ये त्याच शहरात मिळालं. स्लोन-केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचलं. हो, तेच बीसीजी, ज्याचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. मग त्यांना जंतूंच्या कवचातलं विष दिलं आणि त्यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग काढून कर्करोगाची गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या गाठी मधोमध काळ्या पडून मेल्या. म्हणजे गाठ मारणारा पदार्थ जंतूंचा नव्हता, उंदराच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेला होता. त्याला नाव दिलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, गाठीला मृत करणारा घटक. टीएनएफ ते हेच.

त्याच सुमारास, त्याच शहरात, रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांना भलताच प्रश्न पडला होता. आफ्रिकेत गुराढोरांना एका सूक्ष्म परोपजीवीमुळे झिजवणारा आजार होतो. ससे त्याच परोपजीवीने आजारी पाडले तर अंगात परोपजीवी अगदी थोडे, पण ससा वाळून खंगून मरतो, आणि गंमत म्हणजे त्याचं रक्त चरबीने दुधासारखं गढूळ झालेलं असतं. चरबी आहे, पण शरीर ती वापरत नाही. सेरामींनी तर्क केला की सशाचंच काहीतरी सशाला खातंय. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी नाव दिलं कॅकेक्टिन. ग्रीकमधून आलेल्या या नावाचं मराठी करायचं तर 'क्षयकारी' असं करावं लागेल. हा आपला क्षय शब्द जरा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

सेरामींच्या प्रयोगशाळेत ब्रूस ब्यूटलर नावाच्या तरुण संशोधकाने १९८५मध्ये कॅकेक्टिन शुद्ध केलं आणि त्याच्या साखळीतली सुरुवातीची अमिनो आम्लं वाचली. ती टीएनएफची होती. कर्करोगाच्या गाठी मारणारं, आशा लावणारं प्रथिन आणि प्राण्याला हाडांचा सापळा करून मारणारं प्रथिन, दोन्ही एकच. पुढे ब्यूटलर यांना जंतूंच्या विषाची चाहूल पेशींना कशी लागते हे शोधल्याबद्दल २०११चं नोबेल मिळालं. पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण क्षण तो, ती दोन नावं एकमेकांवर बसली तेव्हाचा.

आता माझ्या मावशीच्या हातांकडे येते. ती कराडला असते. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते बांगड्यांमुळे. नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातात जाईनात. मग सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्रीत बोटं घालता येईनात, मग भाकरी थापता येईना. तिचा हात हातात घेऊन पाहिला तर बोटं जिथे तळव्याला जोडलेली असतात ते सांधे आणि बोटांचे मधले सांधे टम्म, मऊ आणि गरम. नखांजवळचे मात्र साफ मोकळे. दोन्ही हातांना अगदी सारखं, एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यात पडावं तसं. सकाळी साडेसहाला मूठ वळत नाही, साडेनऊपर्यंत हळूहळू वळते. "हात रात्री कुणी तरी सिमेंटात पुरून ठेवतं," असं ती म्हणायची. आणि हातांपेक्षाही तिला जाचायचा तो थकवा. वर्षानुवर्षं रोज थोडी कणकण.

गावात याला सरसकट संधिवात म्हणतात, आयुर्वेदात आमवात, डॉक्टर म्हणतात रूमेटॉइड आर्थ्रायटिस. वयानुसार गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. सांध्याच्या आतलं अस्तर एरवी एक-दोन पेशी जाडीचं असतं, तलम. या आजारात तिथे काटा नसतो, जंतू नसतो, तरी काटा रुतल्यासारखी बोलाबोली सुरू होते. पांढऱ्या पेशी येतात आणि जात नाहीत. अस्तर जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ते कूर्चेवर चढतं आणि तिला खाऊ लागतं. हाड कुरतडणाऱ्या पेशींनाही चेव येतो, आणि एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. रात्र सरताना आणि पहाटे या प्रथिनांची रक्तातली पातळी चढते, म्हणून सकाळी हात सिमेंटात.

हे थांबवायचं कसं? १९८०च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक संशोधकांचं मत होतं की थांबवता येणार नाही. सुजलेल्या सांध्यातल्या द्रवात डझनभर सायटोकाइन सापडत होती. एकाचं तोंड दाबलं तर बाकीची बोलतच राहणार. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये दोघांना हे पटत नव्हतं. रविंदर मैनी मूळचे लुधियानाचे, मार्क फेल्डमन पोलंडमधल्या ल्वूफचे, जे आज युक्रेनमध्ये आहे, आणि वाढलेले ऑस्ट्रेलियात. त्यांच्या सहकारी फियोनुला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यातून काढलेल्या पेशी बशीत जिवंत ठेवल्या. त्या पेशी बशीतही दिवसच्या दिवस इंटरल्यूकिन-१ तयार करत राहत. मग त्यांत टीएनएफला पकडून ठेवणारी प्रतिपिंडं घातली, आणि इंटरल्यूकिन-१ बंद पडलं. हा निष्कर्ष १९८९मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे गोंगाटात सगळे सारखे नव्हते. एकाच्या हाळीवर बाकीचे बोलत होते.

१९९२मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात माणसांवर पहिला प्रयोग झाला. प्रतिपिंड आलं होतं न्यूयॉर्कहून, जॅन विल्चेक आणि जुनमिंग ले यांच्या कामातून. विल्चेक साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेले, ले चीनमधून आलेले. उंदराच्या प्रतिपिंडाला तीन चतुर्थांश मानवी साज चढवून ते बनवलं होतं. रुग्ण होते २०, सगळे अनेक औषधं करून थकलेले. शिरेतून औषध गेलं आणि काहींनी त्याच दिवशी सांगितलं की थकवा उतरला. सांध्यांची सूज उतरायच्या आधी थकवा उतरला, हे मला फार बोलकं वाटतं. सकाळचा ताठरपणा कमी झाला, सूज ओसरली, दाहाची खूण म्हणून रक्तात मोजतात ते सीआरपी नावाचं प्रथिन घसरलं. काही आठवड्यांनी औषध संपल्यावर आजार परतला, पुन्हा औषध दिलं, पुन्हा ओसरला. तेव्हा खात्री पटली. हे औषध, इन्फ्लिक्सिमॅब, १९९८मध्ये आतड्यांच्या क्रोन्स आजारासाठी आणि १९९९मध्ये सांध्यांसाठी अमेरिकेत मंजूर झालं. मग त्याची भावंडं आली. त्यांतलं अडॅलिमुमॅब बरीच वर्षं जगातलं सर्वाधिक खपाचं औषध होतं. अहमदाबादच्या झायडसने त्याची जगातली पहिली प्रतिकृती २०१४च्या डिसेंबरात मूळ किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात बाजारात आणली. मावशीसारख्या माणसांपर्यंत हे इंजेक्शन पोचलं ते अशा प्रतिकृतींमुळे. तरीही ते स्वस्त नाही, आणि आपल्याकडे आजही कितीतरी हात पैशाअभावी वाकडे होतात याची मला मनापासून टोचणी आहे.

एक प्रयोग मला आवर्जून सांगायचा आहे. टीएनएफ बनवायची चिठ्ठी जनुकाकडून पेशीच्या कारखान्यात जाते, तेव्हा तिच्या शेवटी एक शेपूट असतं. त्या शेपटावर जणू लिहिलेलं असतं, 'वाचून झाल्यावर फाडून टाका.' पेशी ती चिठ्ठी लवकर फाडते, म्हणून टीएनएफ बेताने बनतं. अथेन्समधल्या जॉर्ज कोलियास यांच्या गटाने १९९९मध्ये असे उंदीर तयार केले ज्यांच्या चिठ्ठीला ते शेपूटच नव्हतं. बाकी जनुक जसंच्या तसं. त्या उंदरांना सांध्यांचा दाह झाला आणि आतड्यांचा क्रोन्ससारखा आजारही झाला. प्रथिनात कसलाही दोष नव्हता. फक्त निरोप वेळेवर पुसला गेला नव्हता.

हे प्रथिन आपल्यापुरतं नाही. संशोधकांनी माणसाचं टीएनएफ प्रवाळावर घातलं तेव्हा प्रवाळाच्या पेशींनी तो निरोप वाचला आणि हुकुमाबरहुकूम मरणही पत्करलं. उलट प्रवाळाचं टीएनएफ माणसाच्या पेशींनी वाचलं. आपले आणि प्रवाळाचे पूर्वज वेगळे होऊन ५५ कोटी वर्षं झाली आहेत. इतकी जुनी ती बोली. आणि जिथे इतकी जुनी बोली असेल तिथे ती चोरून ऐकणाराही असतोच. देवीच्या विषाणूकडे टीएनएफच्या खाचेची नक्कल करणारं एक प्रथिन होतं. तो ते शरीरात सोडून देई, टीएनएफ त्यात अडकून पडे, आणि पेशींना हाक पोचतच नसे. एटनरसेप्ट नावाचं औषध नेमकं याच युक्तीवर चालतं. माणसाने ती १९९८मध्ये बाजारात आणली. ज्या विषाणूच्या धाकाने गावोगाव शीतलादेवीची ठाणी उभी राहिली, तो ती कितीतरी आधीपासून वापरत होता.

मग प्रत्येक दाहात टीएनएफ दाबावं का? नाही, आणि इथे या प्रथिनाने भल्याभल्यांना चकवलं आहे. रक्तात जंतू पसरून येणाऱ्या सेप्सिसमध्ये ते दाबलं की माणसं वाचतील असं प्राण्यांवरून वाटलं होतं. १९९०च्या दशकातल्या चाचण्यांत ते साधलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा दाह, पण तिथे टीएनएफ दाबल्यावर रुग्णांचे झटके वाढले. कोविडमध्ये हाती लागलं ते टीएनएफ नव्हे, तर इंटरल्यूकिन-६. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने ते १९८६मध्ये उकललं होतं. यकृताला सीआरपी बनवायचा हुकूम तेच देतं. २०२१च्या त्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात टोसिलिझुमॅबच्या एका कुपीसाठी माणसं रात्री-अपरात्री जिल्हे पालथे घालत होती, ती कुपी याच प्रथिनाचा निरोप अडवण्यासाठी होती.

आणि आता क्षय. २००१मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांपैकी ७० जणांना क्षयरोग झाल्याच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध झाल्या. निम्म्याहून अधिकांना तो फुप्फुसाबाहेर झाला होता, आणि बहुतेकांना औषध सुरू केल्यापासून थोड्याच महिन्यांत. क्षयाचा जंतू मोठा चिवट. भक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. म्हणून पेशींचं कडं त्याच्याभोवती उभं राहतं आणि त्या इवल्या गाठीच्या आत जंतू वर्षानुवर्षं कोंडलेला राहतो. माणसाला पत्ताही नसतो. जगातल्या सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. ते कडं अभंग ठेवतं टीएनएफ. त्याची हाक बंद झाली की कड्यातल्या पेशी पांगतात आणि कैदी सुटतो. ज्याला आपण क्षयकारी म्हणालो, तेच प्रथिन क्षयाला दाराआड धरून होतं.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे आपल्याकडे हे इंजेक्शन द्यायच्या आधी दडलेला क्षय शोधावाच लागतो. मावशीला मी तपासणीला घेऊन गेले होते. नर्सने डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, अगदी कातडीच्या पदरात, थेंबभर औषध टोचलं. कातडीवर मुगाएवढा फुगा आला. त्याभोवती पेनाने गोल काढून सांगितलं, भिजवू नका, खाजवू नका, परवा याच वेळेला या.

रिक्षात मावशी म्हणाली, "अगं, दुखतात बोटं आणि शोधतात फुप्फुसातलं, हे काय ते?"

मी तिला कड्याची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे माझ्या हातात जे भांडतंय, तेच आत राखणही करतंय." तिने फुग्याच्या वर्तुळावर पदर ओढून घेतला.

तिसऱ्या दिवशी फुगा जिरला होता आणि त्या जागी एक कठीण, लालसर उंचवटा होता. नर्सने बॉलपेन कातडीवर टेकवून बाहेरून उंचवट्याकडे हळूहळू ओढलं. जिथे पेन अडखळलं तिथे रेघ थांबवली. मग दुसऱ्या बाजूने तसंच. लालीचं माप घेत नाहीत, कठीणपणाचं घेतात. तो कठीणपणा म्हणजे पूर्वी कधीतरी क्षयाचा जंतू भेटल्याची आठवण असलेल्या पेशी, आणि त्यांनी टीएनएफसह आपल्या सगळ्या निरोपांनी हाका मारून जमवलेल्या भक्षक पेशी. ज्या प्रथिनाला गप्प करायचं होतं, ते मावशीच्या हातावर त्या क्षणी बोलत होतं, आणि नर्स पट्टीने त्याचं बोलणं मोजत होती.

दोन रेघांमध्ये आठ मिलिमीटर भरले. हे औषध घ्यायचं असेल तर पाचलाच थांबावं लागतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी दडलेल्या क्षयासाठी आयसोनियाझिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "काकू, पहिलं इंजेक्शन महिन्याने."